नवी वस्तू ऑनलाइन बाजारात लावताना : उपवासाच्या भाजणीनं मला काय शिकवलं

आमच्या घरी, इंदूरच्या लोकमान्य नगरात, वीसेक वर्षं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी होते. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं. "काकू, दिवाळीआधी एक किलो ठेवा" एवढ्यावर व्यवहार व्हायचा. मालाला काय म्हणतात हे कुणाला समजावून सांगायची वेळच आली नाही. 2025 च्या मे महिन्यात धाकट्या जावेनं आणि मी उपवासाची भाजणी काढली आणि भाच्याच्या मदतीनं ती ऑनलाइन लावली. पहिल्या अकरा दिवसांत तीन पाकिटं गेली, त्यातली दोन भाच्याच्या मित्रांनी घेतलेली. माल चांगला होता, भाव वाजवी होता, पण लोकांना तो सापडतच नव्हता. ज्यांना हे पीठ हवं होतं त्यांतले बरेच जण त्याला भाजणी म्हणत नव्हते.

आता मंडळातल्या कितीतरी जणी मसाले, लोणची, गोधड्या, रांगोळीचे छाप घेऊन याच वाटेला लागल्या आहेत आणि भेटल्या की पहिला प्रश्न विचारतात, "जाहिरातीला किती पैसे घालू?" मी त्यांना सांगते, पहिले दोन आठवडे जाहिरातीकडून विक्रीची अपेक्षाच ठेवू नका. त्या पैशांत घेणाऱ्याचे शब्द गोळा करा. ते कसे करायचे, आणि तोवर घरचा पैसा बुडू नये म्हणून काय सांभाळायचं, ते सांगते. ॲमेझॉन असो, फ्लिपकार्ट असो की मीशो, बटणं वेगळी असली तरी काम तेच आहे.

कागदपत्रं आणि लेबल

कागदांवर फार वेळ घालवत नाही. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. जीएसटीबद्दल मात्र बरेच गैरसमज ऐकते, म्हणून नीट सांगते. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर ऑनलाइन बाजारासाठी जीएसटी क्रमांकाची सक्ती राहिलेली नाही. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घेतला की भागतं. पण राज्याबाहेर एक पाकीट पाठवायचं झालं तरी पूर्ण नोंदणी लागते. उपवासाची भाजणी मागवणारा माणूस बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम अशा ठिकाणी नोकरीला गेलेला असतो, त्यामुळे आम्ही ती सुरुवातीलाच घेतली. बाजार आपल्या पैशांतून अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा कर, कापतो, 10 जुलै 2024 च्या आधी तो एक टक्का होता. तो पैसा बुडत नाही, आपल्या जीएसटी खात्यात दिसतो, पण दर महिन्याला स्वतः बघून घ्यावा लागतो.

मालाचं ब्रँडनाव नोंदवायचं असेल तर मसाले आणि पिठं ट्रेडमार्कच्या 30 व्या वर्गात येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे 4,500 रुपये पडतात. पहिल्याच महिन्यात याची घाई नको. फक्त नाव ठरवण्याआधी त्या वर्गात तसलंच नाव कुणाचं आहे का ते ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधून ठेवा. तेवढ्याला पैसे लागत नाहीत.

लेबलवर निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, तयार केल्याचा महिना, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि हिरवा शाकाहारी ठिपका असतोच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, हे मात्र अनेकींना ठाऊक नसतं. आमच्या पाकिटावर आधी वरई, मग साबुदाणा, मग राजगिरा, शेवटी जिरे, कारण प्रमाण तसंच आहे. लेबलवर जे आहे तेच लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या ऑनलाइन पानावर, हवं. पाकीट एक म्हणतं आणि पान दुसरं, असं दिसलं की घेणाऱ्याचा विश्वास उडतो.

आणखी एक. "ग्लूटेन फ्री" हे दोन शब्द टाकले की विक्री वाढते असं सगळे सांगतात. ते लिहायचं तर मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असता कामा नये, आणि हे नुसतं बघून कळत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसेल तर लिहू नका. कुणाच्या तरी घरी सीलिअ‍ॅकचं लेकरू असतं, ज्याला ग्लूटेन बाधतं, आणि त्याची आई ते दोन शब्द वाचून पाकीट घेते.

वजनाचा काटा आणि खोका

भाव ठरवण्याआधी बंद केलेलं पार्सल काट्यावर ठेवा. आम्ही आधी अर्ध्या किलोचं पाकीट काढलं होतं, कारण घरी सगळं पावकिलो-अर्धा किलोतच जातं. भरलेलं पाकीट, खोका, आत चुरगळलेला कागद, टेप धरून पार्सल भरायचं 585 ग्रॅम. पोचवणावळीचा पहिला टप्पा 500 ग्रॅमपर्यंत. म्हणजे वरच्या 85 ग्रॅमसाठी प्रत्येक ऑर्डरला पुढच्या टप्प्याचे पैसे जात होते. पाकीट 400 ग्रॅमचं केलं आणि पार्सल 480 वर आलं.

तरीही पावती जास्तीचीच येई. दोन दिवस डोकं चालेना. मग भाच्यानं खोका मोजला. 25 बाय 18 बाय 8 सेंटिमीटर. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 नं भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर तेच धरतात. आमच्या खोक्याचं निघालं 720 ग्रॅम. म्हणजे आम्ही हवेचे पैसे भरत होतो. आता 20 बाय 14 बाय 7 चा खोका वापरतो, त्याचं होतं 392 ग्रॅम. सियागंजात, इथल्या घाऊक बाजारात, खोके घ्यायला जाताना आता पट्टी पिशवीत असते.

पाकीट फुटण्याचं दुःखही सांगते. पहिल्या चाळीस पार्सलांतली सात फुटून पोचली. पीठ खोक्यात सांडलेलं, त्याचे फोटो लोकांनी टाकलेले. वाहतुकीत खोके आदळतात हे धरूनच पॅकिंग करायला हवं होतं, ते आम्ही केलं नव्हतं. आता पाकिटाला वरून दोनदा सील मारतो, आतली हवा हातानं दाबून काढतो, कारण फुगलेलं पाकीट दाबलं की शिवणीतच फाटतं. प्रत्येक नव्या खोक्याची चाचणी जिन्यावर होते. भरलेलं पार्सल पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून फरशीवर टाकायचं, एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. तिन्ही वेळा पाकीट शाबूत राहिलं तरच तो खोका घ्यायचा.

एका पाकिटाचा हिशेब

हा हिशेब वहीत लिहून भिंतीला लावा, म्हणजे जाहिरातीच्या वेळी मोह होत नाही. आमचा असा आहे. विक्री 240 रुपये. कच्चा माल 62, पाकीट आणि लेबल 14, खोका आणि टेप 13, आम्हा दोघींची मजुरी 20, मिळून 109. बाजाराचा कट, पोचवणावळ आणि कर मिळून 92. हातात उरले 39.

मजुरी धरायची म्हटल्यावर जाऊ म्हणाली, "वहिनी, घरच्या घरीच तर करतो." मी धरायलाच लावली. साबुदाणा मंद आचेवर फुलेपर्यंत हलवत राहायला एका वेळेला चाळीस मिनिटं लागतात, ती कुणाच्या तरी खांद्यातून जातात. ती धरली नाहीत तर धंदा वाढल्यावर कामाला बाई ठेवायला पैसे कुठून येणार?

39 भागिले 240 म्हणजे सव्वासोळा टक्के. शंभर रुपयांच्या विक्रीमागे जाहिरातीला सोळा रुपयांपेक्षा जास्त गेले की आम्ही खिशातून देतो. जाहिरातीच्या पानावर ॲकॉस म्हणून जो आकडा दिसतो तो हाच, जाहिरातीचा खर्च भागिले त्यातून झालेली विक्री. तुमची रेघ कुठे आहे हे माहीत नसेल तर तो आकडा बघून काहीच कळणार नाही.

दोन पाकिटांचा जोड लावायला विसरू नका. आमचा जोड 460 ला आहे. एक किलोच्या टप्प्यात बसतो, पोचवणावळ दुप्पट होत नाही, आणि सगळं जाऊन 102 रुपये उरतात. सुटी दोन पाकिटं वेगवेगळी गेली असती तर 78 उरले असते.

घेणारा काय म्हणतो

आता मुख्य कामाकडे येते. लिस्टिंग भरण्याआधी कागद-पेन घेऊन बसा आणि तुमच्या वस्तूला कोण काय म्हणतं ते लिहून काढा. आम्हाला इंदुरात हे सोपं गेलं, कारण इथे एकाच गल्लीत तीन भाषा आहेत. वरईला मी वरई म्हणते, माझी माहेरची माणसं भगर म्हणतात, सियागंजचा दुकानदार तिला मोरधन म्हणतो. शेजारच्या गुजराती बेन मोरैयो म्हणतात. दिल्लीकडची भाडेकरू मुलगी म्हणाली, "अरे, ये तो समा के चावल हैं." दाणा एक आणि नावं पाच. हैदराबादेत बसलेली मालव्याची सून मोबाइलवर 'मोरधन' टाकणार. मी पानभर 'वरई' लिहून ठेवलं तर आमची गाठ कधीच पडणार नाही.

वस्तूच्या नावाचंही तसंच. मराठी माणूस 'उपवास भाजणी' शोधतो, पण इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुणी 'व्ही' घालतो, कुणी 'डब्ल्यू', भाजणीत 'ए' एकदा की दोनदा हे ज्याच्या त्याच्या बोटावर. हिंदीवाला 'व्रत का आटा' किंवा 'फलाहारी आटा' म्हणतो, गुजराती 'फराळी लोट'. हे सगळं शीर्षकात कोंबलं तर ते वाचवणार नाही. मोबाइलवर शीर्षकाचा पहिला तुकडाच दिसतो, तिथे वस्तू काय आहे तेवढं स्पष्ट यावं. आमचं शीर्षक आता 'उपवास भाजणी पीठ' असं सुरू होतं, मग 'व्रत का आटा', मग घटक, मग वजन. उरलेली नावं खालच्या मुद्द्यांत वाक्यात येतात, आणि वेडीवाकडी स्पेलिंगं, जी पानावर शोभत नाहीत, ती शोधशब्दांच्या आतल्या रकान्यात जातात. तो रकाना घेणाऱ्याला दिसत नाही. तिथली मर्यादा बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मापात, मोजतात आणि देवनागरीचं एक अक्षर निदान तीन बाइट खातं, म्हणून जागा जपून वापरा.

'पीठ' हा शब्द शीर्षकात का, तर एकाच ताऱ्याचा पहिला रिव्ह्यू आला त्यामुळे. आम्ही नुसतं 'उपवास भाजणी थालीपीठ' लिहिलं होतं आणि पहिल्या फोटोत तव्यावरचं खरपूस थालीपीठ होतं. एका बाईंनी तयार थालीपीठ समजून मागवलं. त्यांनी लिहिलं, "खोलकर देखा तो आटा निकला." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या फोटोनं त्यांना तसंच सांगितलं होतं.

फोटोचं त्या दिवशी सगळं बदललं. पहिला फोटो फक्त पाकिटाचा. ॲमेझॉनचा नियम आहे की पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूनं चौकटीचा निदान 85 टक्के भाग भरावा, आणि बोटांनी मोठा करून बघता यावा म्हणून लांब बाजू 1000 पिक्सेल तरी हवी. यासाठी स्टुडिओ लागत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, पांढरा कार्डशीट भिंतीपासून टेबलापर्यंत गोलाई देऊन लावला. दुसऱ्या बाजूनं जावेनं दुधाच्या डेअरीतला थर्माकोल धरला, म्हणजे सावली मऊ होते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून टायमर लावला. दुसरा फोटो मागच्या लेबलचा, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. तिसरा चार वाट्यांचा, प्रत्येकीखाली मराठी, हिंदी आणि गुजराती नाव. सगळ्यात जास्त काम त्या तिसऱ्या फोटोनं केलं. चौथ्यात थालीपीठ, मधल्या भोकात तूप सोडलेलं. पाचव्यात पाकीट हातात धरलेलं, म्हणजे आकार कळतो.

पानावर प्रश्न विचारायची सोय असेल तर ती रोज बघा. आम्हाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "गेहूं की चक्की में तो नहीं पीसते?" चव, भाव, टिकण्याचे दिवस, यातलं काही कुणी एवढं विचारलं नाही. उपवास करणाऱ्याच्या मनात ही एकच धास्ती असते. खरं तर आम्ही त्यासाठीच वेगळी घरघंटी घेतली होती, तिच्यात उपवासाच्या पदार्थांखेरीज काही दळत नाही. पण ते आम्हाला इतकं उघड वाटत होतं की पानावर लिहिलंच नव्हतं. पहिल्या मुद्द्यात ते वाक्य टाकलं, घंटीचा फोटो लावला, आणि बघून घेणाऱ्यांचं प्रमाण त्याच आठवड्यात वाढलं. तुमच्या वस्तूतही असं एखादं वाक्य असेल, जे तुम्हाला सांगण्यासारखं वाटत नाही. ते गिऱ्हाइकाच्या प्रश्नात सापडेल.

रिव्ह्यू

भाचीनं पुण्यात मैत्रिणींकडून पाच तारे लिहवून घेतले. चांगल्या मनानं केलं. आठवड्याभरात पाचही गायब झाले आणि आम्हाला ताकीद आली. घरच्यांकडून, मित्रांकडून, पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये यासाठी आयएस 19000 हे मानकही काढलं, त्यातही विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही. पाकिटात "पाच तारे द्या, पन्नास रुपये मिळवा" अशी चिठ्ठी टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आम्ही चिठ्ठी टाकतो ती कृतीची. एक वाटी भाजणी, एक किसलेला उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, सैंधव, आणि पाणी कोमट. गार पाण्यात हे पीठ फुटतं, कडा तुटतात, आणि माणूस दोष पाकिटाला देतो. ही चिठ्ठी मराठी आणि हिंदीत आहे. ती सुरू केल्यापासून "थापताना तुटतं" ही तक्रार जवळपास थांबली. रिव्ह्यूची विनंती करायचं अधिकृत बटण असतं, ते माल पोचल्यावर काही दिवसांनी दाबायचं. लगेच दाबलं तर पाकीट अजून फोडलेलंच नसतं. आम्ही एकादशी उलटू देतो, मग दाबतो.

वाईट रिव्ह्यू आला की आधी बॅच क्रमांक बघा. ऑगस्टमध्ये दोघांनी "चिकट होतं" असं लिहिलं, दोन्ही पाकिटं एकाच बॅचची. पावसाळी हवेत साबुदाणा आतून कच्चा राहिला होता. त्या बॅचची उरलेली अठरा पाकिटं आम्ही विकली नाहीत.

जाहिरात

लिस्टिंग, फोटो आणि पॅकिंग धड झाल्यावरच जाहिरात सुरू करा. क्लिकमागे पैसे जाणारी, शोधाच्या निकालात वर दिसणारी जाहिरात घ्या, आणि पहिल्यांदा 'ऑटोमॅटिक' ठेवा. म्हणजे कोणत्या शोधावर आपली वस्तू दाखवायची हे बाजारच ठरवतो. आम्ही दिवसाला 150 रुपयांची मर्यादा घातली आणि चौदा दिवस हात लावला नाही. रोज आकडे बघून चालू-बंद करणाऱ्यांना काही कळत नाही, दोन दिवसांत क्लिकच किती येणार?

चौदा दिवसांत 1,840 रुपये गेले, 460 क्लिक आले, 31 ऑर्डरी झाल्या. एका ऑर्डरीमागे 59 रुपये, आणि पाकिटात उरतात 39. म्हणजे 631 रुपये आम्ही पदरचे घातले. मी ते खर्चाच्या नाही, शिकण्याच्या खात्यात लिहिले, कारण त्यांच्या बदल्यात शोधशब्दांचा अहवाल मिळाला. जाहिरातीच्या विभागातून तो उतरवून घेता येतो. कोणत्या शब्दावर किती क्लिक, किती ऑर्डरी, सगळं त्यात असतं.

तो कागद आम्ही तिघांनी रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पसरला आणि भाच्यानं एकेक ओळ वाचली. 'कुट्टू का आटा', 74 क्लिक, ऑर्डर शून्य. 296 रुपये. उत्तरेकडे उपवासाला बहुतेकांना कुट्टू, म्हणजे बकव्हीट, लागतो, आमच्यात तो नाही, माणूस येतो, बघतो, जातो. 'राजगिरा आटा', 51 क्लिक, एक ऑर्डर. त्यांना नुसता राजगिरा हवा असतो. 'साबुदाणा', 40 क्लिक, शून्य. आणि मग 'मोरधन का आटा', 22 क्लिक, सहा ऑर्डरी. जाऊ म्हणाली, "परत वाच." आमच्या लिस्टिंगमध्ये तो शब्द फक्त फोटोतल्या वाटीखाली आणि आतल्या रकान्यात होता. 'फराळी लोट', 19 क्लिक, चार ऑर्डरी. 'उपवास भाजणी'च्या चार स्पेलिंगांवर मिळून 58 क्लिक, बारा ऑर्डरी.

यानंतरचं काम सरळ आहे. कुट्टू, नुसता राजगिरा, नुसता साबुदाणा हे 'निगेटिव्ह' यादीत टाकायचे, म्हणजे त्या शोधावर जाहिरात दिसत नाही. ज्या शब्दांवर ऑर्डरी आल्या त्यांची वेगळी 'मॅन्युअल' जाहिरात काढायची, तंतोतंत जुळणीची, आणि त्यावर क्लिकचा भाव थोडा जास्त लावायचा. 'मोरधन' शीर्षकात घ्यायचं. ऑटोमॅटिक जाहिरात बंद करू नका, तिची मर्यादा दिवसाला पन्नासवर आणा, नवे शब्द ती आणत राहते. पुढच्या महिन्यात सात क्लिकमागे एक ऑर्डर येऊ लागली. क्लिक चार रुपयांचा, म्हणजे ऑर्डरीमागे 28, आणि पाकिटात 11 रुपये उरू लागले. शिवाय त्या शब्दांवर विक्री होत गेली तशी आमची वस्तू जाहिरातीविनाही वर दिसू लागली, त्या ऑर्डरींत पूर्ण 39 उरतात.

शून्य ऑर्डरींचा शब्द मोठ्या मागणीचा आहे म्हणून तो शीर्षकात घुसवायचा मोह होतो. भाचा म्हणालाच होता, "आत्या, कुट्टू नुसतं लिहून तर बघू." मी नाही म्हटलं. ज्या वस्तूत कुट्टू नाही तिच्यावर तो लिहायचा नाही.

पंचांग समोर ठेवा

हंगामी वस्तू असेल तर तारखा निदान दीड महिना आधी मांडा. 2025 ची आषाढी एकादशी 6 जुलैला होती. उत्तरेचा सावन 11 जुलैला लागला आणि आपला श्रावण 25 जुलैला, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. इंदुरात राहणाऱ्याला हे आजूबाजूलाच दिसतं, शेजारी सोमवार धरू लागले की आपल्याकडे अजून आषाढच चालू असतो. ऑनलाइन विकणाऱ्याला याचा अर्थ एवढाच की 'व्रत का आटा'वरची जाहिरात 'उपवास भाजणी'पेक्षा पंधरा दिवस आधी वाढवायची. पुढे 22 सप्टेंबरला नवरात्र बसलं तेव्हा मागणी सगळ्यांची एकदम आली, आणि तेव्हा क्लिकही महाग झाले. त्या आठवड्यात मी नव्या शब्दांवर एक रुपया घातला नाही, फक्त सिद्ध झालेल्या शब्दांवर घातला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं आषाढी 25 जुलैवर गेली आणि अधिकातल्या दोन एकादश्या मध्ये वाढल्या. मागच्या वर्षीच्या तारखा बघून माल भरणाऱ्याचं इथे गणित चुकतं.

सणाच्या तोंडावर माल संपू देऊ नका. नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी आमची पाकिटं संपली, चार दिवस पान 'उपलब्ध नाही' दाखवत होतं, आणि परत माल लावला तेव्हा 'मोरधन'वर जी पहिल्या ओळीतली जागा होती ती गेलेली. ती मिळवायला तीन आठवडे गेले. आता साधा नियम केला आहे. गेल्या सात दिवसांची विक्री घ्यायची, तिला तिनानं गुणायचं, आणि फळीवर त्याहून कमी पाकिटं दिसली की जाऊ सियागंजला फोन लावते. "भैया, मोरधन दस किलो, साफ वाला, और साबुदाना मोटा नहीं, मीडियम." दुपारपर्यंत गोणी येते. संध्याकाळी गॅसवर कढई चढते, आणि आधी वरई भाजायला घेतो, कारण तिला वेळ कमी लागतो आणि ती गार होईपर्यंत साबुदाण्याचं हलवणं उरकतं.